पंचवीस फूट

आमच्या ओपीडीच्या मागच्या बोळात फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. एकीपासून दुसरीपर्यंतचं अंतर बरोबर पंचवीस फूट. पहिल्या पट्टीशी पायाची बोटं टेकवून माणसाला उभं करायचं आणि सांगायचं, ‘पडणार नाही इतपत जपून, पण जमेल तितकं भराभर चाला.’ पुढचा पाय पट्टी ओलांडतो तेव्हा घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या पट्टीपलीकडे टेकतो तेव्हा बंद. मग तेच अंतर उलट दिशेनं. दोन्ही वेळांची सरासरी कागदावर. धडधाकट माणसाला चार-पाच सेकंद पुरतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस झालेल्या माणसाला सात लागतात, बारा लागतात, कधी चाळीस. तो मध्येच भिंतीला हात लावून थांबला, दम घेऊन पुन्हा निघाला, तरी आपण ‘शाब्बास’ म्हणायचं नाही.

हे ‘शाब्बास’ न म्हणणं शिकायला मला दोन वर्षं लागली.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. आमच्या कामात माणसाला बोलून उभं करतात. ‘अजून एक पाऊल, काका. आलंच आता. शाब्बास!’ हे शब्द तोंडात बसलेले. अर्धांगवायूच्या पेशंटला पायरी चढवताना निम्मं काम त्याचे स्नायू करतात आणि निम्मं आपला आवाज करतो, अशी माझी खात्री होती आणि आजही आहे. २००९ साली पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या न्यूरोलॉजी विभागात मी रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा वाटलं होतं की काम तेच आहे, फक्त कागद जास्त.

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच एमएस, या आजारात शरीराचं रक्षण करणारी फौजच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर उलटते. आमच्या विभागातले सर पेशंटना विजेच्या वायरीचं उदाहरण द्यायचे. एका बाईंनी ते ऐकून लगेच म्हटलं, ‘म्हणजे उंदरानं कुरतडल्यासारखं. दिवा लागतो, पण कधी लागेल आणि कधी मिचमिचेल त्याचा नेम नाही.’ त्यापेक्षा चांगलं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. आजार बहुतेक विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात त्याचं नीट वर्णन केलं आणि त्यानंतर सव्वाशे वर्षं आजाराचा ओघ बदलेल असं एकही औषध मंजूर झालं नाही. पहिलं औषध इंटरफेरॉन बीटा-१बी. ते अमेरिकेत १९९३ साली आलं. साठा इतका अपुरा होता की आधी कुणाला द्यायचं हे ठरवायला पेशंटच्या नावांची सोडत काढावी लागली. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची काढतात तशी. आपल्या देशात हा आजार फारसा होतच नाही, अशी पुष्कळ वर्षं समजूत होती. मुंबईच्या पारशी समाजात ऐंशीच्या दशकात पाहणी झाली, मग गावोगाव एमआरआयची यंत्रं आली, आणि ‘अशक्तपणा’, ‘नसा दबल्या’, ‘मनाचं आहे’ अशी नावं लावून घरी बसवलेली माणसं आमच्या बाकांवर दिसू लागली.

माझ्या वाट्याला आलेला पहिला अभ्यास आमच्या विभागाचाच होता, लहानसा. औषध रिटुक्सिमॅब. मूळचं ते कर्करोगाचं औषध. बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी ते काढून टाकतं. २००८ साली १०४ पेशंटवरच्या एका चाचणीत त्यानं मेंदूतले नवे डाग झपाट्यानं कमी केल्याचं प्रसिद्ध झालं होतं. पण औषध जुनं व्हायला लागलेलं. कंपनीनं पुढचा पैसा त्याच जातीच्या नव्या औषधावर, ऑक्रेलिझुमॅबवर लावला. इकडे हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं २००७ सालीच रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आणली होती. मूळ औषधापेक्षा स्वस्त. त्यामुळे आमच्यासारखे विभाग ते एमएसच्या पेशंटना देऊ लागले होते आणि त्यांची नोंद ठेवावी असं सरांना वाटत होतं. एथिक्स कमिटीची मंजुरी घेतली. अभ्यास खुला होता, म्हणजे कुणाला काय दिलंय हे पेशंटला ठाऊक, सरांना ठाऊक, मला ठाऊक. सलाइन लावताना शेजारी बसायची मी, आणि सहा महिन्यांनी बोळात घड्याळ धरून उभी राहायची तीही मीच.

त्यात सोलापूरचा एक मुलगा होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजार उमटलेला. त्याची आई बोळाच्या टोकाला बाकावर बसायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तो चालायला लागला की ती बोटं थांबायची. पहिल्या खेपेला त्याला साडेनऊ सेकंद लागले. सहा महिन्यांनी पावणेनऊ. वर्षानं आठ. मी आकडा मोठ्यानं वाचला की ती माउली उठून माझ्या हातावर हात ठेवायची. मला त्या आकड्याची ओढ लागली होती, हे आज स्पष्ट दिसतं.

पुढच्या खेपेला एक नवी मुलगी शिकायला आली होती. सराव म्हणून तिच्याही हातात घड्याळ दिलं. मुलगा चालला. माझ्या घड्याळात सात पूर्णांक नऊ, तिच्यात आठ पूर्णांक तीन. म्हटलं, नवखी आहे. परत चालवलं. पुन्हा तेवढाच फरक. त्याच दिवशी आणखी एक गृहस्थ आले होते, माझ्याशी कामापुरतंच बोलणारे. त्यांची वेळ आम्हा दोघींची एकच आली. मुलाला तिसऱ्यांदा चालवायला मला धीर झाला नाही. पण दुसऱ्या खेपेचं शेवटचं पाऊल डोळ्यांसमोर होतं. त्याचा पाय अजून हवेतच होता आणि माझा अंगठा बटणावर खाली गेला होता.

मी खोटेपणा केला नव्हता. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की पाय टेकला तेव्हाच घड्याळ बंद केलं. अंगठ्यानं परस्पर केलेलं काम होतं ते.

संध्याकाळी सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. कपाटातून एक जुना लेख काढून दिला आणि म्हणाले, ‘वाचून झाल्यावर बोलू.’ लेख १९९४ सालचा, कॅनडाचा. तिथल्या नऊ केंद्रांनी मिळून वाढत जाणाऱ्या एमएसच्या १६८ पेशंटवर एक मोठी चाचणी केली होती. औषधांत सायक्लोफॉस्फमाइड होतं, रक्तद्रव बदलण्याचा उपचारही होता. त्यांनी एक वेगळीच गोष्ट करून ठेवली. प्रत्येक पेशंटला दोन न्यूरोलॉजिस्टनी तपासायचं. एकाला पेशंट कोणत्या गटात आहे हे ठाऊक, दुसऱ्याला नाही. दोघांचे गुण वेगवेगळे लिहायचे. शेवटी जुळवून पाहिलं, तर ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या गुणांप्रमाणे रक्तद्रव बदललेल्या गटाला फायदा दिसत होता. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या गुणांत तो फायदा नव्हता. माणसं तीच, पाय तेच, हातोडी मारून पाहायचे गुडघेही तेच. तपासणारे सगळे अनुभवी डॉक्टर, आपल्या पेशंटचं भलं चिंतणारे.

तो लेख मी बसमध्ये दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही फाइलला टिपण जोडलं की चालण्याच्या वेळा मोजणाऱ्या व्यक्तीला औषध ठाऊक असल्यामुळे तिच्या मोजणीत कल असण्याची शक्यता आहे. त्या वर्षाच्या साऱ्या वेळा हिशेबातून काढून टाकल्या. सोलापूरच्या मुलाला रिटुक्सिमॅबचा गुण आला होता का? थोडा आला असेल. किती, हे माझ्या अंगठ्यामुळे कुणालाच कळणार नाही. ते मला अजून लागतं. तो आपल्या शरीरातून काहीतरी सांगत होता आणि मी त्याचं वाक्य मध्येच तोडून पुरं करून टाकलं.

त्यानंतर मोठ्या ट्रायलमध्ये मी आले तेव्हा नियमांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. औषधाचं नाव करारामुळे लिहीत नाही. मांडणी सांगते. एका गटाला रोज नवी गोळी आणि आठवड्याला एक खोटं इंजेक्शन. दुसऱ्या गटाला आठवड्याला खरं इंटरफेरॉन आणि रोज खोटी गोळी. म्हणजे प्रत्येकाला गोळीही आणि सुईही. नुसत्या खोट्या औषधाचा गट ठेवायचा नाही, कारण गुण देणारं औषध हाताशी असताना दोन वर्षं कुणाला रिकामं ठेवणं योग्य नव्हे. सरही दोन. एक उपचार करणारे, एक फक्त तपासणारे. उपचार करणाऱ्या सरांनी ताप, रक्ताचे रिपोर्ट, यकृत, हृदयाचे ठोके सगळं पाहायचं. तपासणाऱ्या सरांनी यातलं काहीही पाहायचं नाही, विचारायचं नाही. पेशंट त्यांच्या खोलीत जाण्याआधी त्याला सैल पायजमा घालायला द्यायचा, मांडीवरचे सुयांचे डाग दिसू नयेत म्हणून. बोळातलं घड्याळ दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे गेलं. मी दाराच्या या बाजूला.

तपासणारे सर मनानं फार मऊ. ‘कशा आहात?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडातून आपोआप निघायचा, आणि नेमका तोच विचारायचा नाही. कारण उत्तरात माणूस सांगून बसतो: ‘इंजेक्शन घेतलं की रात्रभर कणकण असते हो.’ इंटरफेरॉननं फ्लूसारखा ताप येतो हे सगळ्यांना माहीत आहे. एवढ्या एका वाक्यानं दोन वर्षांची झाकपाक उघडी पडते. सर खाली मान घालून डोळे, हात, पाय, तोल तपासायचे आणि शून्य ते दहाच्या मापावर गुण द्यायचे. हे माप अमेरिकेच्या कुर्ट्झके यांनी १९५५ साली बसवलं आणि १९८३ साली त्याच्या अर्ध्या-अर्ध्या पायऱ्या केल्या. शून्य म्हणजे तपासणीत काही दोष नाही, दहा म्हणजे या आजारानं मृत्यू. साडेपाच म्हणजे शंभर मीटर कुणाच्या आधाराशिवाय. सहा म्हणजे तेवढ्याच अंतराला काठी. कागदावर अर्धा गुण, घरात दाराशी एक काठी.

या ट्रायलमध्ये सांगलीच्या एक बाई होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या आत. डावा पाय ओढत चालायच्या आणि एका डोळ्यानं रंग फिके दिसायचे. संमतीपत्र सव्वीस पानांचं होतं. ते समोर ठेवलं की बहुतेक जण म्हणतात, ‘ताई, सही कुठं करू ते सांगा.’ बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. २०१३ नंतर संमतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं होतं, त्यामुळे कॅमेरा चालू. दीड तास त्या वाचत होत्या. मधूनच पर्समधून पेन्सिल काढून समासात खूण करायच्या. शेवटी मान वर करून म्हणाल्या, ‘पान नऊवर “परिणाम” आणि “दुष्परिणाम” यांची अदलाबदल झाली आहे. असं छापून कुणाच्या हातात देऊ नका.’ त्यांचं खरं होतं. आमच्यातल्या कुणाच्या नजरेला ते पडलं नव्हतं. सुधारलेली प्रत पुन्हा एथिक्स कमिटीकडे गेली. बाई पंधरा दिवसांनी परत आल्या आणि ती सगळी पुन्हा वाचली.

कोण कोणत्या गटात हे कुणालाच का सांगायचं नाही, ते इतरांना समजावताना माझी दमछाक व्हायची. बाईंना दोन वाक्यंही सांगावी लागली नाहीत. म्हणाल्या, ‘दहावीच्या पेपरवर मुलाचं नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. आणि पेपर आपल्या शाळेत तपासत नाहीत. मला माझ्या वर्गातल्या मुलांचे पेपर दिले तर मी कडक तपासीन असं ठरवूनही मार्क वाढतील.’ मी त्यांना सोलापूरच्या मुलाची गोष्ट त्या दिवशी सांगितली नाही. पण घशाशी आली होती.

सगळ्यांशी बोलणं असं सोपं झालं नाही. नवं लग्न झालेली एक मुलगी आली होती, सोबत सासू. या औषधांबरोबर गरोदरपण चालत नाही, त्यामुळे दोन वर्षं मूल नको ही अट संमतीपत्रातच असते, आणि दर खेपेला लघवीची चाचणी. मी ते सांगत असताना मुलगी फरशीकडे पाहत होती. तिला आत वेगळं बसवून विचारलं, तर हळू आवाजात म्हणाली, ‘माझ्या आजाराचं अजून माहेरी आणि आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. आईंना डोक्याची नस एवढंच सांगितलंय.’ ती ट्रायलमध्ये आली नाही. तिला बाहेरून साधे उपचार सुरू केले, आणि सासूबाईंशी सर स्वतः तासभर बोलले. आमच्या नोंदवहीत अशांपुढे ‘स्क्रीन फेल्युअर’ असं लिहितात. त्या शब्दाचा मला आजही राग येतो.

इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत ठेवायची. सांगलीला जाताना बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा मांडीवर घेऊन बाई एसटीनं जायच्या. घरी भारनियमन असलं की फ्रिज उघडायला मुलांना बंदी. डब्यातल्या तापमापकाचा आकडा त्या रोज सकाळ-संध्याकाळ वहीत मांडायच्या, रेघ ओढून, दिनांकासह. आमच्याकडे येणारी मॉनिटर बाई साऱ्या भारतभर केंद्रं तपासत फिरते. तिनं ती वही पाहून दोन पानांचे फोटो मागितले, शिकवताना दाखवायला.

मे महिना आला की मला धास्ती असायची. एमएसमध्ये शरीर तापलं की जुनी लक्षणं उफाळतात. उथोफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० साली हे पाहिलं होतं. एमआरआय नव्हता तेव्हा संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघत. आमच्याकडे टबाची गरज नाही. सोलापूर-सांगलीकडून दुपारच्या एसटीनं आलेला माणूस बाकावर टेकतो तेव्हा त्याचा पाय सकाळपेक्षा जड झालेला असतो. तो आजाराचा नवा हल्ला नसतो, नुसती उन्हाची करणी. मी हट्ट धरून एक थंड खोली मिळवली. आधी अर्धा तास तिथं बसायचं, पाणी प्यायचं, मग तपासणी.

झटका कशाला म्हणायचं, याचीही व्याख्या असते: नवं लक्षण, चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलेलं, ताप किंवा संसर्ग नसताना. रात्री अकराला फोन वाजतो. ‘ताई, उजवा डोळा धूसर झालाय.’ आपल्या पोटात गोळा येतो, आणि तोंडानं विचारायचं असतं: ‘कधीपासून? ताप मोजलात? लघवीला जळजळ?’ पलीकडचा माणूस धीर मागत असतो आणि मी आकडे मागते. सुरुवातीला हे फार निष्ठुर वाटायचं. पुढं लक्षात आलं की नीट विचारलेल्या प्रश्नांनीही माणसाला धीर येतो. आपलं कुणीतरी शिस्तीनं बघतंय हे त्याला कळतं. डोळ्याला स्टेरॉइड शिरेतून दिलं तर नजर लवकर परतते. पण सहा महिन्यांनी पाहिलं तर न दिलेल्यांचीही जवळपास तेवढीच सुधारते, आणि नेहमीच्या मात्रेत नुसतं तोंडानं दिलं तर डोळ्याचे झटके उलट वाढतात. हे १९९२ सालच्या अमेरिकी चाचणीत निघालं. त्याआधी डोळ्याला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देणं सर्रास चालायचं, देणाऱ्यांच्या मनात चांगलंच असायचं.

२०१० च्या सुमारास इटलीच्या झांबोनी यांचं नाव सगळ्या पेशंटच्या तोंडी होतं. मानेतल्या शिरा अरुंद झाल्यामुळे एमएस होतो आणि फुगा घालून त्या रुंद केल्या की बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. कॅनडातून, अमेरिकेतून लोक पैसे उभे करून परदेशी गेले, काही भारतातल्या खासगी रुग्णालयांतही आले. आमच्या एका पेशंटचा भाऊ शेत विकायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, थांबा, अजून झाकून केलेली चाचणी झालेली नाही. तो चिडून म्हणाला, ‘तुम्हाला काय जातंय थांबा म्हणायला?’ त्याच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. पुढं झांबोनींनी स्वतःच चाचणी घेतली. काहींच्या शिरेत फुगा फुगवला, काहींना नुसतं तसं भासवलं, आणि तपासणाऱ्यांना ठाऊक नाही. २०१७ साली निकाल छापून आला: उपयोग नाही. ज्याच्या घरात आजार आहे, ज्याची स्वतःची कल्पना आहे, त्यानं आपल्या नावानं हे छापावं, याला केवढं बळ लागत असेल. मला बोळातला माझा अंगठा आठवला.

उलटही होतं. हळूहळू वाढत जाणाऱ्या प्राथमिक प्रकारच्या एमएसला २०१७ पर्यंत एकही मंजूर औषध नव्हतं. ऑक्रेलिझुमॅबच्या ७३२ जणांच्या चाचणीत खोट्या औषधाच्या गटात ३९.३ टक्के लोकांचं अपंगत्व वाढलं, खऱ्याच्या गटात ३२.९ टक्के. फरक सहा-साडेसहा टक्क्यांचा. बोळात उभं राहून कुणाला डोळ्यानं दिसेल असा नाही. पण ज्यांना कालपर्यंत ‘काही नाही’ असं सांगून परत पाठवत होतो, त्यांना सांगायला काहीतरी आलं. एवढा बारीक फरक धरायचा तर मापणाऱ्याचा हात स्थिर लागतो.

औषधं धोकाही घेऊन येतात, आणि तो कधी फार उशिरा दिसतो. नॅटालिझुमॅब अमेरिकेत २००४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालं आणि २००५ च्या फेब्रुवारीत मागं घ्यावं लागलं, कारण काहींना मेंदूचा एक जीवघेणा विषाणुसंसर्ग झाला. पुढच्या वर्षी ते कडक देखरेखीखाली परतलं. डॅक्लिझुमॅब २०१६ ला आलं, २०१८ ला मेंदूच्या सुजेमुळे कायमचं गेलं. आमच्या ट्रायलमध्येही सुरक्षेची पत्रं यायची. प्रत्येक पत्र मी मराठीत समजावून सांगायचे आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहायचे. कोणी सोडून गेलं तर थांबवायचं नाही, सोडण्याचं कारण विचारलं तरी पुरे.

रिटुक्सिमॅबचं पुढं काय झालं ते सांगायलाच हवं. कुणा कंपनीला त्यात रस उरला नव्हता, पण स्वीडनच्या डॉक्टरांनी सरकारी पैशांवर चाचणी घेतली. २०२२ साली निकाल आला: रिटुक्सिमॅबच्या गटात तीन टक्के लोकांना झटका आला, डायमिथिल फ्युमरेट या गोळीच्या गटात सोळा टक्के. औषध कुणाला कोणतं हे पेशंटला ठाऊक होतं, पण तपासणाऱ्याला नव्हतं. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एमएससाठी रिटुक्सिमॅब आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. सरांनी तो कागद मला दाखवला. दोघांच्याही मनात सोलापूरचाच मुलगा असणार. आम्ही बोललो नाही. त्यानं ज्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला होता, ते दुसऱ्या देशातल्या दोनशे माणसांनी दिलं होतं.

सांगलीच्या बाईंची दोन वर्षं संपली, मग त्या पुढच्या टप्प्यात गेल्या. तिथं सगळ्यांना खरी गोळी आणि सुई बंद. काही महिन्यांनी साऱ्या जगातली माहिती गोळा होऊन कुलूपबंद झाली आणि पाकिटं आली. नव्या गोळीच्या गटात झटके कमी होते. बाई आणि त्यांचे यजमान समोर बसले होते. मी पत्र वाचलं: इंटरफेरॉन गट. म्हणजे दोन वर्षं जुनं औषध.

बाई म्हणाल्या, ‘मला दुसऱ्या शुक्रवारीच कळलं होतं. सुई घेतली की मध्यरात्री थंडी वाजायची. हे म्हणायचे, सांग डॉक्टरांना. तुम्हाला सांगितलंच की. पण त्या तपासायच्या खोलीत मी दोन वर्षं तोंड उघडलं नाही.’

मी काय बोलणार होते? त्या गप्प बसल्या म्हणून त्यांचे गुण खरे ठरले, आणि त्यांच्यासारख्यांच्या गुणांशी ताडून पाहिलं म्हणूनच नवी गोळी बरी हे कळलं. हे सांगायला शब्द जुळवत होते, तोवर त्यांनीच विचारलं, ‘माझी गुणपत्रिका मिळेल का? त्या बोळातली?’

दोन वर्षं मी ते आकडे पाहिले नव्हते. फाइल काढली. पहिल्या दिवशी सहा पूर्णांक आठ सेकंद, शेवटच्या दिवशी सात पूर्णांक दोन. अपॉइंटमेंटच्या कार्डामागं लिहून दिलं. त्यांनी वाचलं. ‘वाढलेत थोडे.’

‘हो, थोडे.’

‘आमच्या शाळेत पाचवीचा वर्ग माडीवर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘अजून चढते मी.’ कार्ड घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

त्या दिवशी त्यांची आणखी एक सही हवी होती. यकृताच्या तपासण्यांबद्दल नवी कलमं आली होती, म्हणून संमतीपत्राची सुधारित प्रत काढलेली. मी ती समोर ठेवली आणि सवयीनं म्हटलं की बदल फक्त पान बारा आणि तेरावर आहे. बाईंनी चष्मा लावला, पर्समधून पेन्सिल काढली आणि पहिलं पान उघडलं.